आइसलँडची जुनी नाणी : संग्रहाची सुरुवात कुठून करावी आणि सीमा कुठे आखावी?

सह्यकडा

परदेशी नाणी जमवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास "प्रत्येक देशाचे निदान एक नाणे" या हौसेपासून सुरू होतो. त्या हौसेने अल्बम भरतो, परंतु एकाही देशाची नीट ओळख होत नाही, असे माझे मत बनले आहे. म्हणून यापुढे एकच देश घेऊन त्याच्या मुळाशी जावे असे ठरवले असून, त्यासाठी आइसलँडची निवड केली आहे.

कारण सरळ आहे. स्वतःचे नाव कोरलेली नाणी या देशाने प्रथम १९२२ साली काढली. त्याआधी तेथे डेन्मार्कचा पैसा चालत असे. १ डिसेंबर १९१८ रोजी आइसलँड सार्वभौम राज्य झाले, मात्र राजा डेन्मार्कचाच, ख्रिस्तियान दहावा, राहिला. त्यानंतर १९२२ मध्ये १० आणि २५ ऑरार, १९२५ मध्ये १ आणि २ क्रोना, आणि १९२६ मध्ये १, २ व ५ ऑरार अशी नाणी क्रमाने निघाली. (१०० ऑरार म्हणजे १ क्रोना; 'ऑरार'चे एकवचन 'एरिर'.) १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताक आले, १९४६ पासून मुकुटाशिवायची नाणी आली आणि १ जानेवारी १९८१ रोजी जुन्या १०० क्रोनांची नवी १ क्रोना झाली. एका माणसाच्या आयुष्यात पूर्ण होऊ शकेल असा हा विषय आहे.

जाणकारांना माझे प्रश्न असे. १९२२ ते १९८० या काळातील प्रत्येक प्रकारचे एकेक नाणे घ्यावे, की केवळ राजेशाहीच्या काळातील नाणी प्रत्येक सालाप्रमाणे पूर्ण करावीत? १९३० सालच्या तीन स्मारक तुकड्यांना संग्रहात जागा द्यावी का? आणि १९२२ पूर्वीच्या काळाचे काय करावे?

टांकसाळ

निवड उत्तम आहे. माझे स्पष्ट मत असे की राजेशाहीचा काळ सालवार पूर्ण करावा. सात मूल्ये आणि १९२२ ते १९४२ ही वर्षे धरली तरी एकूण नाणी चाळीसच्या आसपासच भरतात, कारण प्रत्येक मूल्य दरवर्षी पाडले जात नव्हते. उदाहरणार्थ, ५ ऑरार केवळ १९२६, १९३१, १९४० आणि १९४२ या सालांचे आहे; १ आणि २ क्रोना तर १९२५, १९२९ आणि १९४० एवढ्याच सालांचे. यांत सुवर्णनाणे नाही, चांदीही नाही. कांस्य, तांबे-निकेल आणि अॅल्युमिनियम-कांस्य, आणि शेवटी जस्त. तरीही हे काम सोपे नाही, कारण १९२०च्या दशकाच्या मध्यास त्या देशाची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती आणि नाणीही त्याच बेताने पाडली गेली. १९२९ सालचे २ क्रोनाचे नाणे लाखाहूनही कमी संख्येने निघाले. आपल्याकडील कोणत्याही चलनी नाण्याच्या संख्येशी ही संख्या ताडून पाहा, म्हणजे फरक ध्यानात येईल.

हे नाणे वापरून गुळगुळीत झालेल्या स्थितीत मिळते, पण मुकुटावरचे मणी आणि ढालीच्या कडा ठसठशीत असलेले शोधायला धीर लागतो. घाईने झिजलेले घेऊ नका. ते घेतले की दुसरे शोधण्याची ओढ आपोआप कमी होते.

जुनी_चिल्लर

टांकसाळ यांच्याशी आदरपूर्वक असहमत. राजेशाहीच्या नाण्यांत सौंदर्य आहे, परंतु आइसलँडच्या पैशाची खरी कथा प्रजासत्ताकाच्या काळात घडते आणि ती नाण्यांच्या अंगावर लिहिलेली आहे. १९४६ चे १ क्रोनाचे नाणे हातात घ्या. ते अॅल्युमिनियम-कांस्याचे, सोनेरी झाकेचे आणि बऱ्यापैकी वजनदार आहे. ढालीला बैल, गरुड, ड्रॅगन आणि राक्षस हे देशाचे चार रक्षक धरून उभे आहेत. त्याच मूल्याचे १९७६ चे नाणे अॅल्युमिनियमचे, आकाराने चिमुकले आणि तळहातावर ठेवले तर जाणवणारही नाही इतके हलके आहे. तीस वर्षांत एका क्रोनाची काय अवस्था झाली हे सांगायला यापुढे वेगळा आलेख लागत नाही.

महागाई वाढत गेली तशी खालची मूल्ये गळत गेली आणि वरची जन्माला आली. २ ऑरार १९४२ नंतर पुन्हा निघालेच नाही. १ एरिर १९६६ साली थांबले. दुसऱ्या टोकाला १९६७ साली १० क्रोना आणि १९६८ साली ५० क्रोनाचे नाणे आले. १९८१ मध्ये दोन शून्ये खोडली, तेव्हा जुनी १ क्रोना म्हणजे नवा १ एरिर झाला आणि एवढ्या लहान मूल्याचे नवे नाणे पाडण्याची गरजच सरकारला वाटली नाही; नव्या मालिकेतील सर्वांत लहान नाणे ५ ऑरारचे होते. हा सगळा क्रम प्रकारवार संग्रहात एका पानावर दिसतो. सालवार संग्रहात तो हरवतो.

उत्तरवारा

मी कोपनहेगनला राहतो आणि येथील नाणेविक्रेत्यांकडे नियमित जातो, म्हणून थोडी भर घालतो. राजेशाहीची १९३९ पर्यंतची नाणी येथील शाही टांकसाळीत पडली. त्यांवर एक छोटे हृदय असते, ती कोपनहेगन टांकसाळीची खूण. त्याच्याजवळ टांकसाळप्रमुखाची आद्याक्षरे असतात: सुरुवातीच्या नाण्यांवर 'एच सी एन', तर १९२९ पासून केवळ 'एन', कारण मधल्या काळात प्रमुख बदलला. भिंगाखाली ही खूण पाहण्याची सवय लावून घ्या.

१९४० आणि १९४२ च्या नाण्यांवर मात्र हृदय नाही. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि १० मे रोजी ब्रिटिश सैन्य आइसलँडमध्ये उतरले. कोपनहेगनहून नाणी येणे शक्य नव्हते, म्हणून ती लंडनच्या शाही टांकसाळीत पाडून घेतली. राजा शत्रूच्या ताब्यातील राजधानीत, त्याचे अधिकार रेक्याविकच्या संसदेने तेथील मंत्रिमंडळाकडे सोपवलेले, आणि तरीही लंडनमध्ये पडणाऱ्या नाण्यावर त्याच राजाची अक्षरे व मुकुट! मला आइसलँडच्या साऱ्या नाण्यांत हीच मालिका सर्वांत मोलाची वाटते. सह्यकडा यांनी बाकी काही घेतले नाही तरी १९३९ आणि १९४० ची १० ऑरारची दोन नाणी शेजारी शेजारी ठेवावीत. नाणे तेच, १५ मिलिमीटरचे, पण एकावर हृदय आहे आणि दुसऱ्यावर ती जागा मोकळी आहे.

मृण्मयी_ठाणे

१९४२ चा उल्लेख आला आहे तर जस्ताबद्दल लिहायलाच हवे. त्या वर्षीचे १० आणि २५ ऑरार युद्धकाळातील टंचाईमुळे तांबे-निकेलऐवजी जस्ताचे पाडले गेले. आपल्या हवेत जस्त टिकवणे ही खरी परीक्षा आहे. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या जस्ताच्या नाण्यावर पांढरी भुकटी धरते. ती केवळ वर बसलेली धूळ नसते. धातूच खाल्ला गेलेला असतो, आणि पुसून काढले तर खाली खड्डे दिसतात.

मी पाळते ती पद्धत अशी: नाणे कडेने धरायचे, शक्यतो सुती हातमोजे घालून. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात कधीच ठेवायचे नाही, कारण ते प्लास्टिक कालांतराने चिकट होते आणि तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट थर चढवते. पॉलिएस्टरचे पाकीट किंवा कडक कॅप्सूल वापरायचे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि पावसाळ्यात त्या आठवणीने वाळवून परत ठेवायच्या. लाकडी कपाटाच्या खणात जस्त ठेवू नये, कारण काही लाकडांतून आम्लाची वाफ निघते. आणि नाणे घासून, चिंचेने, लिंबाने किंवा भांडी उजळायच्या पावडरीने चमकवू नये. हे जस्तापुरते नाही, सगळ्याच नाण्यांना लागू आहे.

सह्यकडा

मृण्मयीताई, मनापासून आभार. आधीच हिरवट थर आलेले कांस्याचे नाणे असेल तर?

मृण्मयी_ठाणे

तो थर पाकिटाच्या प्लास्टिकचा असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा, न घासता बाहेर काढा आणि आपोआप वाळू द्या. अॅसिटोन धातूला धक्का लावत नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस पेटलेला नको. बाजारात मिळणारे नखांचे रंग काढायचे द्रव वापरू नका, त्यांत तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. थर धातूच्या गंजाचा असेल तर मात्र अॅसिटोनने काही होणार नाही. ते नाणे आहे तसेच राहू द्यावे.

नाणेघाट

१९२२ पूर्वीच्या काळाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मध्ययुगात आइसलँडने स्वतःचे नाणे पाडले नाही. व्यवहार वजनाने मोजलेल्या चांदीत, लोकरीच्या कापडात, गाईच्या किमतीच्या मापात आणि पुढे सुकवलेल्या मासळीत होत असे. एरिर हे त्या काळी नाणे नव्हतेच, ते वजन होते: 'मार्क' या मोठ्या वजनाचा आठवा भाग. परकी नाणी मात्र बेटावर भरपूर आली. १९३० साली गौलव्हेर्याबेर येथे जमिनीत सुमारे ३६० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांत इंग्लंडच्या दुसऱ्या एथेलरेडच्या काळातील आणि जर्मन नाणी आहेत. एगिल स्काल्लाग्रिम्सन या योद्धा-कवीची कथा तर प्रसिद्धच आहे. इंग्लंडच्या एथेलस्टान राजाकडून मिळालेल्या चांदीच्या पेट्या त्याने म्हातारपणी, डोळे गेल्यावर, मोसफेलच्या परिसरात दडवल्या आणि सोबत नेलेल्या दोन गुलामांना ठार केले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. ती चांदी आजवर मिळालेली नाही.

अशी नाणी आपण जमवू शकत नाही आणि जमवूही नयेत; ती संग्रहालयातच असावीत. सामान्य संग्राहकाला परवडेल आणि विषयाशी प्रामाणिक राहील असा पर्याय म्हणजे डेन्मार्कची स्किलिंगची (हे तेथील जुने चलन) आणि १८७५ नंतरची क्रोना-ओरे नाणी, कारण आइसलँडच्या माणसाच्या खिशात तीच असत. त्यांचे एकच पान पुरे. नाहीतर संग्रह डेन्मार्कचा होऊन बसेल.

आणखी एक दालन आहे, ते म्हणजे व्यापाऱ्यांचे खासगी टोकन. १८४६ साली रेक्याविकचा व्यापारी सीमसेन याने स्वतःच्या नावाचे टोकन काढले. पुढे मासळीच्या व्यापारातील पेढ्यांनीही काढले, आणि बेकऱ्यांनी पावाच्या बदल्यात चालणारे बिल्ले काढले. गावात रोख पैसा कमी, खातेवही दुकानदाराची आणि हातात त्याचाच बिल्ला, म्हणजे तो बिल्ला त्याच दुकानात परत जाणार. मासेमारीवर जगणाऱ्या माणसाची दुकानदाराशी बांधलेली गाठ या छोट्या तुकड्यांत जितकी दिसते तितकी सरकारी नाण्यात दिसत नाही. हे टोकन दुर्मीळ आणि महाग असतात, आणि त्यांच्या नकलांपासून जपावे लागते.

तरंगिणी

नाणेघाट यांनी डेन्मार्कच्या राज्याचा विषय काढला, त्यावरून एक दुवा सांगण्याचा मोह आवरत नाही. याच राजसत्तेची एक वखार आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, तरंगमबाडीला, १६२० पासून १८४५ पर्यंत होती आणि तेथे राजाची अक्षरे असलेली शिशाची व तांब्याची छोटी नाणी पाडली जात. मुलूख तंजावरचा. करार झाला तेव्हा तेथे नायकांचे राज्य होते; पुढे व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचे आले, आणि डेन्मार्कच्या कंपनीला मराठी दरबाराशी व्यवहार करावा लागला. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, १६२३ च्या सुमारास योन ओलाफसन नावाचा एक आइसलँडचा माणूस डॅनिश जहाजावरून नोकरीसाठी या किल्ल्यात येऊन राहिला होता. तोफेच्या दारूच्या स्फोटात तो जबर जखमी झाला, मायदेशी परतला आणि म्हातारपणी त्याने आपली हकिगत लिहून ठेवली. त्याला आजही 'भारतयात्री योन' म्हणून ओळखतात.

माझ्या पानावर तरंगमबाडीचे तांब्याचे एक नाणे आणि आइसलँडचे १९२६ चे १ एरिर शेजारी आहेत. दोन्हींवर मुकुट आहे आणि राजाची अक्षरे आहेत.

टांकसाळ

तरंगिणीताई, हा दुवा मला ठाऊक नव्हता. फार आवडला.

रेवदंडा

१९३० च्या तुकड्यांबद्दल. 'आल्थिंग' या संसदेची स्थापना ९३० सालची, तिच्या सहस्राब्दीनिमित्त २, ५ आणि १० क्रोना असे तीन तुकडे काढले गेले. २ क्रोना कांस्याचे, बाकीचे दोन चांदीचे, आणि पाडले गेले ते जर्मनीत, सॅक्सनीमध्ये. त्यांवर मूल्य कोरलेले असले तरी ते बाजारात चलन म्हणून फिरले नाहीत आणि कॅटलॉगही त्यांना पदकांच्या विभागात टाकतात. त्यामुळे नाण्यांच्या संग्रहात त्यांना जागा नको, असे माझे ठाम मत आहे.

जाता जाता एक गोष्ट. १९८१ नंतरच्या नाण्यांना येथे कोणी विचारत नाही, पण समुद्रकाठच्या माणसाला ती आवडल्याशिवाय राहणार नाहीत. ५ ऑरारवर वागळी, १० वर माकुल, ५० वर कोळंबी, क्रोनावर कॉड मासा, ५ क्रोनावर डॉल्फिन, ५० वर खेकडा! आमच्याकडे पाहुण्यांनी हा संच पाहून पहिला प्रश्न विचारला, तो त्या देशात बाजार किती वाजता भरतो हा.

उत्तरवारा

रेवदंडा, त्या ऑरार नाण्यांना आता चलनमूल्य नाही. १ ऑक्टोबर २००३ पासून ती बाद झाली. त्यामुळे 'जुन्या नाण्यां'त त्यांनाही हळूहळू हक्काची जागा मिळेल.

१९३० बद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. चलन नसले तरी त्या वर्षी थिंगव्हेट्लिरच्या, म्हणजे जुनी आल्थिंग जिथे भरत असे त्या, मैदानावर जो सोहळा झाला, त्यातून सार्वभौमत्वाची जी जाणीव व्यक्त झाली, ती त्या १० क्रोनाच्या रुंद चांदीच्या तुकड्यावर दिसते. चौदा वर्षांनी त्याच मैदानावर प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९२९ आणि १९४६ यांच्यामध्ये तो तुकडा ठेवला की पान बोलू लागते. वेगळ्या चिठ्ठीवर 'पदक' असे लिहून ठेवावे, म्हणजे कोणाची दिशाभूल होणार नाही.

रेवदंडा

'पदक' असे स्पष्ट लिहिणार असाल तर माझी हरकत नाही.

जुनी_चिल्लर

याच न्यायाने १९६१ चे ५०० क्रोनाचे सुवर्णनाणे आठवते. योन सिगुर्दसन या स्वातंत्र्यनेत्याच्या दीडशेव्या जयंतीचे. त्याचा जन्म १७ जून १८११ चा, आणि प्रजासत्ताकाचा दिवस मुद्दाम तोच निवडला गेला. सोन्याचा भाव पाहता मी कोणालाही ते घ्यायचा आग्रह करणार नाही. त्या पैशात राजेशाहीचा मोठा भाग होऊन जाईल.

मृण्मयी_ठाणे

खरेदीविषयी एक अनुभव. एका परदेशी विक्रेत्याने "उत्तम स्थिती" म्हणून पाठवलेले १९२५ चे २ क्रोनाचे नाणे घासून चमकवलेले निघाले. छायाचित्रात ते झळकत होते. हातात घेऊन दिव्याखाली तिरके धरले, तेव्हा एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेषा दिसल्या. तेव्हापासून मी विक्रेत्याकडे तिरक्या प्रकाशातील छायाचित्र मागते, आणि ते द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडून घेत नाही. अॅल्युमिनियम-कांस्याची नाणी सोन्यासारखी दिसावीत म्हणून ती घासण्याचा मोह विक्रेत्यांना विशेष होतो.

टांकसाळ

सुटे नाणे मागवले तर टपालखर्च नाण्याहून अधिक होतो, हेही नव्या लोकांनी ध्यानात घ्यावे. एकाच विक्रेत्याकडून दहा-बारा नाणी एकत्र घ्यावीत, नोंदणीकृत टपालाने मागवावीत आणि पाकिटावर वस्तूचे खरे वर्णन लिहायला सांगावे. तसेच भारतातील पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट असल्याने १९२२ ते १९२६ ची नाणी आता त्या वयाची झाली आहेत. येथे आणलेला संग्रह पुन्हा परदेशी नेण्याचा विचार असेल, तर आधी नियम पाहून घ्यावेत आणि खरेदीच्या पावत्या जपाव्यात.

सह्यकडा

सर्वांची उत्तरे दोनदा वाचली. जुनी_चिल्लर यांचा मुद्दा पटला, पण उत्तरवारा यांनी १९४० च्या नाण्यांबद्दल जे लिहिले त्याने माझा कल निश्चित झाला. राजेशाहीची नाणी सालवार करीन. त्यातही १९३९ ते १९४२ हा भाग आधी घेईन. प्रजासत्ताकाचे प्रकारवार एकच पान, १ क्रोना १९४६ आणि १९७६ शेजारी. १९२२ पूर्वीसाठी डेन्मार्कचे एक पान, आणि १९३० चे कांस्याचे २ क्रोना 'पदक' या चिठ्ठीसह. टोकन सध्या नाही.

एक शंका उरते. १९४० ची कोणती मूल्ये कोपनहेगनची आणि कोणती लंडनची, असा काही भेद आहे का?

उत्तरवारा

भेद नाही. १९४० आणि १९४२ ची सर्व मूल्ये लंडनचीच आहेत, तेव्हा या दोन सालांच्या नाण्यावर कोणी हृदयाची खूण दाखवली तर ते नाणे घेऊ नका. उलट १९३९ किंवा त्याआधीच्या नाण्यावर ती दिसत नसेल, तर बहुधा झिजून गेली असेल. त्याची स्थिती त्यावरूनच ठरवा आणि किंमतही तेवढीच द्या.